मोजमाप

वास्कोतल्या कंपनी-बागेच्या फाटकाशी
ही एका खोलीची चौकी.
राणीच्या काळातली,
पण राणीच्या राज्याबाहेरची.
रूळ टाकायला आलेल्या कुणा साहेबानं
घरच्या आठवणीतून काढली असणार :
हिम घसरावं म्हणून छप्पर एवढं उभट.
हिम काही अजून आलेलं नाही.

धुराडं आहे, खाली चूल नाही.
आतून हात फिरवला, बोटांना काजळी नाही.
पालिकेच्या वहीत नोंद : 'उपयोग अज्ञात'.
पाकोळ्यांनी वही वाचलेली नाही.

टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं दुमिंगकडे. तो इथला माळी.
भिंत मध्येच दोन बोटं पोट काढते म्हटल्यावर
म्हणाला, "बाय, वणत बरी आसा. तू टेप ताणू नको."

नकाशात वीट, इथं चिरा.
नकाशात कोपऱ्यांना घडीव दगड;
इथं शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा
आणि ओल्या चुन्यात ओढलेल्या दगडाच्या रेघा.
एक रेघ अर्ध्यातच थांबली आहे.
जेवायला गेला असेल.

छपराच्या झालरीवर
साहेबानं ओकची पानं मागितली होती.
सुतारानं ओक पाहिलेला नव्हता.
कातरलेलं पान म्हणजे नीरफणस,
एवढं त्याला पक्कं ठाऊक;
ओळीनं बावीस नीरफणसाची पानं
दीडशे पावसाळे तशीच लटकून आहेत.
तेविसावं गळलं. ते दुमिंगच्या घरी आहे,
दार अडवायला.

खिडक्यांना काच नाही.
घासून पातळ केलेल्या शिंपा,
लाकडी चौकटींत बसवलेल्या.
आत येतो तो उजेड
पाणी घातलेल्या दुधासारखा.

आणि पूर्वेची खिडकी.
नकाशात उंबरा जमिनीपासून तीन फूट.
मी तीनदा मोजला : जेमतेम सव्वा.
'दोष' असा रकाना आहे आमच्या तक्त्यात,
तिथं लिहिलं :
पूर्वेची खिडकी, उंची चुकलेली.

मग गुडघे भरून आले म्हणून
खाली बसले, लाल गार कोब्यावर,
भिंतीला पाठ लावून.
झडप ढकलली.

समोर फाटकाची कडी.
बरोब्बर मधोमध. मान वळवावी लागली नाही.

खुर्ची साहेबाची. इथं राहणारा खाली बसत असणार,
जेवताना, दोर वळताना, ताप आल्यावरही.
गवंड्यानं त्याला आधी बसवलं असेल,
"हं, आता बघ" म्हणून
डोळ्यांच्या रेषेत कोळशाची खूण केली असेल,
आणि नकाशा
घडी घालून
ठेवून दिला असेल कुठेतरी.

दुमिंगनं टोक सोडलं.
टेप सळसळत माझ्या मुठीत परत आली.
तो रकाना खोडायचा होता,
पण पेन बाहेर, सोप्यावर.

तेवढ्यात कडी वाजली.
दप्तर पाठीला, हातात अर्धा पाव,
एक पोरगं आत शिरलं,
आणि माझ्याच तोंडून आलं,
"कोण रे?"