नऊ फूट चार इंच

भाऊ घडवतो, मी काच चढवते.
म्हणजे फोमला रंधा मारून आकार देतो एलेउतेरिओ,
आणि त्यावर काचेचं कापड अंथरून
राळ ओतते मी, सोराइदा.
वांचाकोच्या मागच्या गल्लीत आमची पत्र्याची छपरी.
तिच्या वाशांवर वीस वर्षांचा पांढरा भुसा,
माझ्या कोपरांना वीस वर्षांची खाज.

कासिमिरो आला तेव्हा राळ नुकतीच कालवली होती,
म्हणून मी मान वर केली नाही.
एकाहत्तरीचा माणूस, मनगटावर वाळलेले खवले.
जन्मभर तोतोराच्या लव्हाळ्याची होडी हाकलेला.
इथे तिला घोडाच म्हणतात.
भारे आवळून बांधायचे, नाक आभाळाकडे वळवायचं,
अंधारात जाळं टाकायला जायचं
आणि उजाडताना मासळीसकट
लाटेच्या पाठीवरून घसरत घरी.
महिना-दीड महिन्यात लव्हाळं पाणी पितं,
घोडा जड होतो, मग नवा बांधायचा.
"बोटं आता गाठ आवळत नाहीत," म्हणाला,
"मला फळी करून द्या. लांब."

भावाने वही काढली.
वजन? उंची? लाट कुठली?
"इथलीच. दुसरी कुठे ओळखीची आहे?"

मग दुपारभर वाद.
भाऊ म्हणे, नाक अठरा इंच रुंद,
खालून बशीइतकं खोलगट,
म्हणजे पावलं टाकत टोकापर्यंत जाता येतं,
दहाही बोटं बाहेर काढून उभं राहता येतं.
कासिमिरो म्हणे, नाक वर वळव.
एवढं वळवलं तर पाणी ढकलत बसेल, काका.
"ढकलू दे. मला कुठे घाई आहे?"
कडा गोल की पातळ. शेपूट चौकोनी की निमुळती.
कणा एक की तीन.
पर मात्र एकच, इथे दोघांचं पटलं,
आणि पटल्यावर दोघेही जरा हिरमुसले.
बाल्साचं लाकूड काढलं, त्याने हाताने तोललं,
किंमत ऐकली, परत भिंतीला टेकवून ठेवलं.
फोमच मग. वरून काचेचे दोन थर,
उभं राहायच्या जागी तिसरा.

"टिकेल किती?"
नीट वापरलीत तर तीस वर्षं.
तो बराच वेळ फळीकडे बघत राहिला.
"तीस वर्षं," म्हणाला, "मी कुठून आणू?"

निघताना माझ्याकडे वळला.
खिशातून लव्हाळ्याची एक काडी काढली, वीतभर.
हे काचेखाली घालशील?
मी नाही म्हटलं.
काडीत ओल असते, उन्हात फुगते,
काच फोड आल्यासारखी सुटते.
त्याने काडी परत खिशात ठेवली.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही,
पण आजही नाहीच म्हणेन.

चार महिन्यांनी तो फळी घेऊन आला.
नाकावर चीर, घाटाच्या खांबाला आपटलेली.
घोडीवर पालथी घालून चीर तासली,
मग उलटी केली, पाठ पुसली.
पुढचा भाग कोरा, नवाकोरा,
तिथे पाऊल पडलेलंच नव्हतं.
मागचा तिसरा थरही अनाघ्रात.
आणि मधोमध, जिथे आम्ही काहीच योजलं नव्हतं,
दोन खळगे.
वाटीएवढे, शेजारी शेजारी,
डावा जरा जास्त खोल.

गुडघे.
हा माणूस एकदाही उभा राहिला नव्हता.
चिरलेला बांबू वल्ह्यासारखा मारत
आमच्या नऊ फूट चार इंचांवर
घोड्यावर बसावा तसा बसत होता.

भाऊ आधी चिडला, मग हसला, मग वाकून
बोटाने खळग्याची खोली मोजू लागला.
"बुजवून टाकू? काच पिचेल पुढे."
मी बोट फिरवलं. काच दबली होती, फुटली नव्हती.
ओल कुठेच नव्हती.

बिलावर लिहिलं: चीर, एक.