बावन्नावा दगड

पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा.
बत्तीस वर्षं प्रुफं वाचून रात्री तीनला
धंतोलीच्या छापखान्यातून गोळीबार चौकात परतायचो
तेव्हाही एवढेच होते.
मोजले नव्हते.

निवृत्त झालो त्या आठवड्यात निमजे म्हणाला,
काका, गिअर लावून देतो, सात येतात.
नको म्हटलं.
मंग चढावर काय करसान?
उतरीन.
त्यानं चेनीला तेल पाजलं, पैसे घेतले नाहीत.

एकाच गिअरची सायकल म्हणजे मोजपट्टी.
पायडलच्या एका फेरीत सव्वापाच मीटर,
किलोमीटरला एकशे नव्वद फेऱ्या;
वाडीच्या ट्रकांच्या धुरात तेवढ्याच,
बाजारगावच्या माळावर तेवढ्याच.
फक्त उतारावर पाय थांबवायचे नाहीत,
नाहीतर हिशेब वाऱ्यावर जातो.

गोंडखैरीला डिसेंबर दातांत शिरला.
कारंज्याला ढाब्याची पाटी: शुध्द शाकाहारी.
हात खिशाकडे गेला.
लाल पेन घरी ठेवलं होतं, मुद्दामच.
तळेगावला बाया संत्र्यांच्या पेट्या भरत होत्या,
एकीनं विचारलं, कुठून?
नागपूर.
कुठं?
चिखलदरा.
तिनं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
कोनी वारलं का?

घाटात उतरलो, बोललो होतो तसा.
नऊ किलोमीटर हँडल धरून चाललो,
कोण कोणाला ढकलतंय ते नीटसं कळत नव्हतं.
वर धुकं. चहा घेतला. रात्री झोपलो. परत फिरलो.

परतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी,
नागपूर ५३.
एकशे ऐंशी, एकशे नव्वद, दोनशे.
दगड नाही.
वाटलं, पाय चुकले, वय झालं.
मोजत राहिलो, आणि तीनशे ऐंशीला
नागपूर ५१.
पाय बरोबर होते.
ओळ गळाली होती.

एकदा माझ्या हातून गळाली होती एक,
निधनवार्तेतली, ‘पश्चात’च्या पुढची.
पत्नी राहिली, दोन मुलगे राहिले,
मुलगी गेली.
दुसऱ्या दिवशी तीच अंक घेऊन आली कचेरीत.
भांडली असती तर बरं झालं असतं.
अंक टेबलावर ठेवला, बोट ठेवलं,
बोट उचललं, जिना उतरून गेली.
शुद्धिपत्र छापलं आम्ही, आतल्या पानावर,
शेअरच्या भावांखाली.

सायकल वळवली.
एकशे नव्वद मागे.
रस्ता रुंद केला होता तिथे, मुरूम ताजा,
आणि खाली उतरून पत्र्याची टपरी,
मागे पाण्याची टाकी, टाकीशी एक बाई
सदरा आपटत होती.
फेसाखाली पिवळा रंग. फेसाखाली ५२.
‘नागपूर’मधला ‘पू’ दीर्घ, बरोबर.

बाई, हा दगड…
हाये. तुमचा हाये का?

नाही म्हटलं. माझा नाही.
शेवंताबाई उईके, तीनच महिने झाले टपरी टाकून.
आधी लाकडी फळी होती, ती सडली.
ह्याच्यावर कपडा चांगला निघतो, म्हणाली,
आणि तोच सदरा पुन्हा आपटला, दाखवायला.
चहात आलं जास्त होतं.
मी सांगणार होतो तिला की तिथून वर,
कडुलिंबाच्या जरा अलीकडे,
एक जागा रिकामी आहे.
पण कप विसळून तिनं त्याच दगडावर उपडा घातला
आणि बावन्नातला पाच झाकला गेला.

निघालो. काही वेळ मोजलं.
बाजारगावच्या अलीकडे उतार लागला,
आणि पाय थांबले.
फ्रीव्हील टिकटिकू लागलं,
रात्री तीनचा तो आवाज,
कुत्री ओळखायची.
किती उरलं, दगडांवर लिहिलेलं होतं.
मी पाहिलं नाही.