बारा वांगड

चोडणच्या कोमुनिदादीत मी छत्तीस वर्षं वह्या लिहिल्या.
बारा वांगड, बारा रकाने, तांबड्या शाईचा समास.
कोण वारला, कुणाचा मुलगा जोणीला लागला,
देवही असंच लिहीत असेल;
फक्त त्याच्या टाकाला खारा वारा लागत नसावा.

त्या आषाढात उधाणानं मानशीजवळचा बांध फोडला.
खारं पाणी कोरगुटाच्या गळ्याशी आलं,
आणि बारा वांगड इगर्जीच्या सोप्यात बसून भांडले:
माती कुणाच्या सहीनं उचलायची,
बांधावर पुढं कोण उभा राहणार.
एस्पिरितांव म्हणाला, पहिला वांगड आमचा.
लादिसलाव म्हणाला, पहिला म्हणजे नुसता आधी बुडालेला.

पाद्री ऑर्लांद तापानं फणफणले होते, तरी उठून आले.
म्हणाले, वाळवंटातही हेच चाललं होतं.
तेव्हा देवानं मोशेकडून प्रत्येक वंशाची एक काठी मागवली,
काठीवर नाव लिहवलं
आणि कोशासमोर रात्रभर ठेवायला लावली.
कुणी भाषण केलं नाही. हात वर झाले नाहीत.
सकाळी अहरोनच्या काठीला पालवी, कळ्या, फुलं, पिकलेले बदाम.
बाकीचे आपापली काठी घेऊन तंबूकडं गेले.

‘गेले कसे?’ मी विचारलं.
मी हिंदू, मला विचारायला संकोच नव्हता.
‘कोरडी काठी हातात घेऊन,’ पाद्री म्हणाले.
‘दुसरं काय नेणार?’

मग ठरलं. माटाचे बारा खुंट आणले,
प्रत्येकावर मी डांबरानं वांगडाचं नाव घातलं.

रात्री पाद्रींनी दिलेलं जाड पुस्तक उघडून बसलो.
माझ्यासारख्याच कुणा कारकुनाचं काम वाटलं:
यहूदा पूर्वेला, चौऱ्याहत्तर हजार सहाशे,
रऊबेन दक्षिणेला, एफ्राईम पश्चिमेला, दान उत्तरेला,
मध्ये देवाचा मंडप, सगळ्यांना सारख्या अंतरावर.
मेघ उठला की तळ हलायचा,
चांदीचे दोन कर्णे वाजायचे.
वाचत वाचत लेवीपाशी आलो
आणि चष्मा पुसला.
त्याला मोजू नकोस, असं देव सांगतो.
त्याला जमीन नाही, रकाना नाही.
ओझं तेवढं त्याच्या खांद्यावर.

पहाटे ओहोटी लागली.
बारा वांगड अजून क्रमावर अडलेले.
कर्णे कुठले असायला! खालच्या वाड्यावरची आपोलिन
बांधावरून ओरडली, ‘पाणी परतायच्या आत!’
आणि डोकीवर चिखलाच्या पाट्या निघाल्या.
त्या माणसांची नावं मला येत होती,
पण वहीत ती कुठल्याच पानावर नव्हती.
एस्पिरितांवनं शेवटी धोतर खोचलं.
लादिसलाव आधीच छातीभर पाण्यात उभा होता.
दोघांनाही ती शिव्या देत होती.

बारा खुंट रुतले, खांड बुजली.

श्रावणात मी मानशीवर गेलो.
माटाचे खुंट काळे, डांबरातली नावं तशीच शाबूत.
पलीकडं भेंडीची एक काटकी,
आपोलिननं पेजेचं मडकं अडकवायला खोवलेली.
तिला चार पानं फुटली होती.

मी कुणाला सांगितलं नाही. पाद्रींनाही नाही.
घरी येऊन वही उघडली,
बारा रकाने पाहिले,
आणि समासात टाक टेकवून बराच वेळ बसलो.
शाईचा एक ठिपका पडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर काटकी नव्हती.
आपोलिनला शेळी बांधायला खुंटी हवी होती.
‘ओली आहे, पण चालेल,’ ती म्हणाली.
बांधात बोटभर भोक राहिलं होतं.
भरतीला एक खेकडा त्यात शिरला
आणि तोंडाशी माती सारत राहिला.