पहिला फर्मा

रविवारी साडेआठला आम्ही चौघं
बुधवारातल्या अमृततुल्यच्या बाकावर.
बाक तिघांपुरताच.
ओव्हाळ उभा राहतो. टपालखात्यात तीस वर्षं
उभ्यानं पत्रं लावली, आता बसवत नाही म्हणतो.

त्याची शिफारस ओळखायला शिकावं लागतं.
"छान आहे" म्हणाला, तर सोडून द्यावं.
"वाचू नकोस, उगाच रात्र जाईल"
म्हणाला, की त्याच दिवशी ग्रंथालय गाठावं.

कुमुद अख्खी गोष्ट सांगते,
बशी, चमचा, काडेपेटी अशी माणसं मांडून,
आणि शेवटाच्या अलीकडे उठते:
"चला, भाजी घ्यायचीय."
मंडईत तिच्या मागे जाऊन, गवार निवडता निवडता
मी तीन कादंबऱ्यांचे शेवट काढून घेतलेत.

माझ्याकडे वही.
तारीख, नाव, कोणी सुचवलं,
वाचून झालं की बरोबरची खूण.
अर्ध्यात टाकलेल्यांपुढे मी काहीच लिहीत नाही.
तिथे ओव्हाळनं एकदा पेन्सिलीनं लिहिलं: भित्री.

आणि इकबाल तांबोळी, बाइंडर.
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
जिन्याखाली दुकान, आत खळीचा आंबूस वास.
तो बांधायला आलेलंच वाचतो,
तेही खळ वाळेपर्यंत.
त्यामुळे त्याची पुस्तकं
कुठे कव्हर उडालेली, कुठे वाळवीनं मध्येच संपवलेली.

"नाव नाही माहीत," तो म्हणाला,
"पहिला फर्माच नव्हता. सतराव्या पानापासून सुरू.
एक बाई डोक्यावर शिलाईचं मशीन घेऊन
नदी ओलांडतीये. पाणी छातीपर्यंत.
तू वाच."

काय वाच?
वहीत लिहिलं: मशीन. नदी. इकबाल.

अकरा वर्षं.
ग्रंथालयातल्या बाई विचारायच्या, नाव? लेखक?
मी म्हणायची, सतराव्या पानावर पाणी आहे.
त्या चष्म्यावरून बघायच्या.
पुढे पुढे त्याही शोधायला लागल्या.
नदीतली बाई काही मिळाली नाही, पण तिच्या नादानं
एक कुंभार भेटला, दोन वकील,
भर कोर्टात हसू फुटलेली एक विधवा,
आणि एक नावाडी, ज्याच्यासाठी मी
चांगली शिजत आलेली आमटी करपवली.
एक वही संपून दुसरी लागली.

मग परवा, लकडी पुलाच्या अलीकडे, पदपथावर,
दहावीच्या जुन्या गाइडांखाली:
पंचेचाळीस खोडून चाळीस.
आधी सतरावं पान उघडलं.
पाणी होतं.
मग ओव्हाळसारखी उभ्यानंच
मागची सोळा वाचली.

नेऊन इकबालच्या हातात दिलं.
त्यानं तोललं, अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली.
"शिवण सुटलीये. राहू दे आठवडाभर."
पहिलं पान उघडलं नाही.
मी सांगायला तोंड उघडलं,
तर त्यानं स्वतःच्या कपातला चहा
माझ्या बशीत ओतला.

रविवारी पुस्तक आलं.
निळं कापड, कोपऱ्यांना रेक्झिन.
उघडलं, तर समोर थेट नदी.
पहिली सोळा पानं त्यानं
नेऊन शेवटी शिवली होती.
"अकरा वर्षं ती माझ्याकडे पाण्यातूनच येतीये,"
तो म्हणाला. "आता मागे कशाला ढकलू?"

मी वाद घातला नाही.
पैसे किती विचारलं. त्यानं घेतले.
पुस्तक कुमुदला दिलं, नाव न सांगता.
वाच, एवढंच.

काल मंडईत दिसली. गवारीच्या पाटीशी थांबली
आणि जन्मात पहिल्यांदा, न विचारता,
तिनं शेवट सांगितला:
"शेवटी ती घरातून निघते गं.
मशीनचं झाकण सापडत नसतं.
शोधत बसत नाही.
तसंच उचलते, उघडं."