नवी आहे ना?

माझ्या बापाचा हात हलका होता.
कफ्र नब्कमध्ये अजून सांगतात,
मौगूदनं टोचलं तर कळतसुद्धा नसे.

शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्ह भरभरत असायचा,
वर ॲल्युमिनियमचं पातेलं,
पातेल्यात काचेच्या सहा सिरिंजा,
आणि रांगेत चाळीस पोरं, बाह्या खांद्यापर्यंत सारून.
दिवसभर कालव्यात डुंबणारी पोरं.
कालव्यात गोगलगायी, गोगलगायींत कीड,
पोरांच्या लघवीत रक्त.
औषध सरकारनं पाठवलेलं. शिरेतून द्यायचं,
आठवड्याला एकदा, बारा आठवडे.
औषध खरं होतं. रक्त थांबलं.
फक्त सुई नीट उकळायला वीस मिनिटं लागतात
आणि पोरांना दुपारच्या आत सोडायचं होतं.
सुईतून आणखी काय जात होतं
त्याला तेव्हा जगात कुणी नावही दिलेलं नव्हतं.
बाप बावीस वर्षांचा होता.

मी इन्शिराह, त्याची धाकटी.
तपासणीची पांढरी गाडी घेऊन नाईलच्या फाट्याफाट्यानं हिंडते.
बोटाला टोचते, एक थेंब पट्टीवर,
मग वीस मिनिटं.
एक रेघ आली तर घरी जा.
दोन आल्या तर बसा, घाबरू नका,
तो येऊन गेला एवढंच ही रेघ सांगते.
अजून मुक्कामाला आहे का, ते दुसरी टेस्ट सांगेल.

मितवल्लीच्या दोन आल्या. दुसरीतही तो सापडला.
"पण मला तर काहीच होत नाही!
थकवा येतो जरा. तो कुणाला येत नाही?"
हिपॅटायटिस सी असाच, चाळीस-चाळीस वर्षं
भाडं न देता राहतो, तोंडातून शब्द काढत नाही,
आणि आत यकृताचा हळूहळू दगड होत जातो.

बायकोनं त्याच दिवशी त्याचं ताट वेगळं केलं.
संध्याकाळी मी गेले. तिच्यासमोर
त्याच्या ताटातली उरलेली मुलुखिया भाकरीनं पुसून खाल्ली.
उष्ट्यानं होत नाही, निअमत. मिठीनं होत नाही.
वस्तरा तेवढा वेगळा ठेव.
ती रडली, मग मला आणखी वाढलं.

रोज गोळ्या. बारा आठवडे, पुन्हा बाराच.
नंतर तीन महिने थांबून रक्त दिलं.
नाही. गेला.
"मग पट्टीवरची रेघ?"
ती राहील. आजार गेला तरी मरेपर्यंत राहील.
आणि राहिली म्हणून तुला राखणार नाही हां,
सुई-वस्तऱ्याला जप, तो पुन्हा शिरू शकतो.
मितवल्ली बराच वेळ हाताकडे बघत राहिला.
"म्हणजे अंगाला आठवत राहणार," म्हणाला.

बाप सगळ्यांत शेवटी आला.
डोळ्यांत मोतीबिंदू, हात तसेच, सडपातळ.
एक रेघ.
"नीट बघ."
एकच आहे, याबा.
"उजेडात धर."
मी दारात नेऊन धरली. एकच.
त्या रात्री तो जेवला नाही.

पहाटे अंधारातच हजेरी घ्यायला लागला:
गाबेर. शहात. नक्कादीचे दोघे भाऊ.
बस्यूनी, तो रडायचा.
मी दिव्याखाली लिहीत गेले, चाळीस नावं,
एकही चुकलं नाही.
त्यातले एकोणीस आता जिवंत आहेत.

त्या यादीनंच आम्ही दारं ठोठावतो.
तो गाडीत मागे बसतो. दिसत तर नाही,
पण टोचणीचं पाकीट फाटल्याचा आवाज आला की
दर वेळी विचारतो, "नवी आहे ना?"
नवी आहे, याबा.

काल बस्यूनी आला, नातू कडेवर घेऊन.
हसत बोट पुढं केलं:
"मौगूदचाचा, तुम्हीच टोचा. तुमचा हात हलका."
बापानं दोन्ही हात मांड्यांखाली दडपले
आणि तसाच बसून राहिला.
मी पाकीट फाडलं.
"नवी आहे ना?"