हिडी, बिडी

निपाणीत स्टँडमागच्या बोळात माझं बॅगा शिवायचं दुकान.
चेन बसवतो, पट्टे बदलतो,
शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात जेवायलाही उठत नाही.
नेमकी त्याच आठवड्यात हौसाक्का आली,
मनगट काळंनिळं,
काठी काउंटरवर आडवी टाकून म्हणाली,
‘ह्या पट्ट्याचं कायतरी कर बाबा.
धरतोय, पण सोडत न्हाई.’

शिबिरात फुकट मिळालेली ॲल्युमिनियमची काठी,
बटण दाबून उंची कमी-जास्त होणारी,
मुठीला मात्र नायलॉनची दोरी, कायमची गाठ मारलेली.
दवाखान्याच्या दारात टोक जाळीत अडकलं.
जाळीनं काठी ओढली, काठीनं हात,
हातानं हौसाक्का.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारा पोरगा हावेरीकडचा.
हातात चेंडू देतो, म्हणतो, ‘हिडी.’
म्हणजे धर.
मग म्हणतो, ‘बिडी.’
म्हणजे सोड.
‘चाळीस वर्षं तीच वळली की रं,’ ती म्हणाली,
‘आता हे लेकरू बिडी म्हटलं की
बोटं सोडायची इसरत्यात
आणि वळायला लागत्यात.’
हसली. हसता हसता खोकली.
आमच्या गावात बऱ्याच हसण्यांचा शेवट असा होतो.

टेपनं मनगट मोजलं: सव्वापाच इंच.
बांगड्यांवरून सहा.
थंडीत नातवाचा स्वेटर चढवते, त्यावरून साडेसहा.
म्हणून सरकती कडी घातली, एका फाटक्या दप्तराची,
आतून मऊ फ्लॅनेल.
काठीच्या बाजूला क्लिप लावली,
दोन्हीकडून दाबली की सुटणारी.
तिला दाबता येईना. अंगठा कधीचाच आत वळलेला.
मग वेल्क्रो. तर काठी उचलली रे उचलली
की फर्रकन मोकळी.
‘हे सारखंच बिडी म्हणतंय,’ ती म्हणाली,
‘ह्यातली हिडी कुठाय?’

तिसऱ्या दिवशी तिनंच माझ्या रिळाचा दोरा तोडला,
बिलबुकाच्या कागदाची सुरळी केली,
भोवती दोन वेढे, टोक आत खोचलं.
‘हिसक बघू.’
हिसकलं. ढिम्म.
‘आता शेपूट धर.’
शेपूट ओढलं, अख्खा दोरा माझ्या चिमटीत.
बावीस वर्षं मशीन चालवतोय,
मी आपला टाके पक्के करण्यातच हुशार.

मग तसंच केलं.
पट्टा काठीच्या कड्यातून नेला, दुमडला,
जीभ फासात खोचली,
जिभेला लाल फीत लावली, बोटभर लांब.
बोटं अडली तर दातानं ओढ, म्हटलं.
‘दोन हाईत,’ म्हणाली, ‘पण समोरासमोर न्हाईत.’
चाळीस रुपये सांगितले. तिनं तीस दिले
आणि दहाची पपई.

बाजारच्या दिवशी आली ती भिंती धरत धरत.
मनगटावर पट्टा, पट्ट्यातून लोंबणारी लाल फीत,
काठी नाही.
‘चिकोडीला गेली,’ म्हणाली.
‘दारात अडकली, गाडी हलली, मी फीत ओढली.
ती गेली. मी ऱ्हायले.’
आणि स्टुलावर बसली, पाणी मागितलं,
एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

डेपोत फोन लावला.
पलीकडून, ‘यारदु?’
म्हटलं, ‘अज्जीदु.’
एवढ्यावर दोघांचंही भागलं.
संध्याकाळच्या गाडीनं येईल म्हणाला.

दिवसभर ती बसून राहिली.
गिऱ्हाइकं आली, गेली. मांडीवर तिचा उजवा हात
नसलेलं पान कातरत होता, भरत होता,
वळत होता, खोचत होता.
कितीव्यांदा, मोजलं नाही. तिनं मोजलं असेल.

सव्वासहाला गाडी लागली.
कंडक्टरनं खिडकीतूनच काठी बाहेर काढली,
‘हिडी अज्जी, हिडी.’
तिनं धरली. उलटी करून टोक बघितलं.
‘रबर घासून आणलास की रं,’ म्हणाली.