चोवीस तास

मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडात,
आमच्या पतपेढीचं टेबल.
शनिवारी वीजबिलाच्या मदतीचे अर्ज.
मी विचारतो, त्या सांगतात, मी लिहितो.

इंदुमती खैरमोडे. थकबाकी सात हजार तीनशे चाळीस.
घरातली उपकरणे?
"दोन ट्यूब, एक पंखा. टीव्ही आहे, पण बंद.
आणि सासूबाईंचं हवेचं मशीन."
किती तास चालतं?
त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.
मी खाली मान घालून 'चोवीस' लिहिलं.

फ्रिज आधीच विकलेला.
मीटर कापायला आलेल्या पोराला त्यांनी
चहा दिला, नाकातली नळी दाखवली.
पक्कड खिशात घालून तो म्हणाला,
घरात कुणी नव्हतं असं लिहितो.

मंजुरीला सव्वा महिना लागला.
पत्र घेऊन मी सहा मजले चढलो.
लिफ्ट बंद; तिचंही बिल थकलेलं.

दार उघडंच. मशीन कोपऱ्यात,
वर धुतलेला टॉवेल, घडी घालून.
"आता बिल कमी येईल," म्हणाल्या.
"उद्या हे तिसऱ्या मजल्यावर जाणार, तडवींच्या नातवाला.
पैसेही तिकडेच वळवा की."
मी म्हणालो, थकबाकी तुमच्या नावावर आहे,
नाव बदलत नाही.
"मशीन बदलतं," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला उठल्या.

उतरल्यावर मीटरच्या पेटीशी थांबलो.
अंधारात लाल ठिपके, भराभर मिचकणारे.
सहाशे चार शोधला.
एकदा मिचकला.
मग इतका वेळ काहीच नाही,
की मला वाटलं, गेला.